लोकशाही आणि संघराज्य : त्यांचे तात्त्विक अधिष्ठान

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या वार्षिक संमेलनात दोन शब्द बोलावे अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, याबद्दल मी आपणा सर्वांचा ऋणी आहे. अशा प्रसंगी समाजाचा इतिहास, शिक्षणप्रसार किंवा विवाहातील खर्च यांविषयी बोलण्याचा परिपाठ आहे. मी मात्र राज्यशास्त्रातला विषय निवडला आहे. तो प्रथमदर्शनी रुक्ष वाटेल; तथापि त्याचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. आपल्या मंडळाला घटना आहे, मध्यवर्ती कार्यकारिणी आहे, गावोगावच्या शाखा आहेत, वर्गणी आहे, निवडणूक आहे. म्हणजे राज्यकारभाराचे बहुतेक सर्व प्रश्न लहान प्रमाणात आपण अनुभवीत असतो. आणखीही एक कारण आहे. या मंडपात आपण एका ज्ञातीचे घटक म्हणून बसलो आहोत. मंडपाबाहेर पाऊल टाकताच आपण एका प्रजासत्ताकाचे नागरिक होतो. या दोन नात्यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न टाळून चालणार नाही.

प्रथम लोकशाहीचा विचार करू. लोकशाही म्हणजे बहुमताचे राज्य, अशी तिची सुटसुटीत व्याख्या आपण शाळेत शिकलो. ती खोटी नाही, परंतु अपुरी आहे. बहुमत ही निर्णय घेण्याची एक पद्धत आहे. ते लोकशाहीचे अधिष्ठान नव्हे. अधिष्ठान याहून खोल आहे. कोणताही मनुष्य जन्माने दुसऱ्यावर राज्य करण्याचा अधिकार घेऊन येत नाही, म्हणून ज्यांच्यावर सत्ता चालवावयाची त्यांची संमती असल्यावाचून कोणतीही सत्ता न्याय्य ठरत नाही, हे ते तत्त्व होय. इंग्लंडात जॉन लॉक याने १६८९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हा विचार तर्कशुद्धपणे मांडला. त्याच्या मते राज्यकर्ता हा प्रजेचा विश्वस्त आहे. एखाद्या देवस्थानाच्या विश्वस्ताकडे किल्ल्या असतात, हिशेब असतो, अधिकारही असतो. पण देवस्थानाची मिळकत त्याची नसते. त्याने विश्वासघात केला तर त्याला दूर करण्याचा अधिकार ज्यांनी विश्वास ठेवला त्यांच्याकडेच राहतो.

हे तत्त्व मान्य केले की त्यातून दोन गोष्टी निघतात. एक अशी की, सर्वांची संमती प्रत्येक वेळी मिळणे अशक्य असल्यामुळे बहुमताचा निर्णय सर्वांनी पाळावा लागतो. दुसरी अशी की, बहुमतालाही मर्यादा असतात. आजच्या अल्पमताला उद्या बहुमत होण्याची मोकळीक राहिली पाहिजे. आणि ज्या समतेच्या आधारावर बहुमताला अधिकार मिळाला ती समताच नष्ट करण्याचा अधिकार बहुमताला असू शकत नाही. ज्या फांदीवर बसावयाचे तीच तोडण्यासारखे ते होईल. मूलभूत हक्क, स्वतंत्र न्यायसंस्था, ठराविक मुदतीच्या निवडणुका ही लोकशाहीवर बाहेरून लादलेली बंधने नसून तिच्या मूळ तत्त्वाचीच अपत्ये आहेत.

आता संघराज्याकडे वळू. सत्ता कोणाची, हा लोकशाहीचा प्रश्न आहे. ती किती अंतरावरून चालवावी आणि कोणकोणात विभागावी, हा संघराज्याचा प्रश्न आहे. या विषयाचा पहिला मोठा तत्त्वज्ञ म्हणून योहान्नेस आल्थुसियुस या जर्मन पंडिताचे नाव घेतले जाते. त्याचा राजनीतीवरील लॅटिन ग्रंथ १६०३ साली निघाला. त्याच्या मते मनुष्य एकटा राहू शकत नाही, म्हणून तो संघ करून राहतो. प्रथम कुटुंब, मग व्यवसायबंधूंचा संघ, मग नगर, मग प्रांत आणि शेवटी राष्ट्र. वरचा संघ खालच्यांच्या एकत्र येण्यातून बनतो. म्हणून खालचा संघ जे स्वतः करू शकतो ते वरच्याने हिरावून घेऊ नये.

आपल्यासारख्या मंडळाला हा विचार ऐकून समाधान वाटेल, कारण राष्ट्र आणि एकटा मनुष्य यांच्यामध्ये असलेल्या संस्थांना तो मान देतो. परंतु आल्थुसियुसने केलेला एक भेद आपण ध्यानात ठेवला पाहिजे. कुटुंब हे निसर्गसिद्ध आहे, पण त्याच्या पुढचा संघ हा माणसे स्वेच्छेने स्थापतात. त्यात स्वेच्छेने येता येते आणि त्यातून स्वेच्छेने जाताही येते. आपल्या ज्ञातीत मात्र कोणी अर्ज करून प्रवेश केलेला नाही. या भेदाकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

संघराज्याचा विचार प्रत्यक्षात उतरला तो अमेरिकेत. इंग्लंडपासून स्वतंत्र झालेल्या तेरा संस्थानांनी आरंभी जो करार केला तो १७८१ साली अंमलात आला. त्या कराराप्रमाणे मध्यवर्ती काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकार नव्हता. तिने संस्थानांकडे पैसे मागावे आणि संस्थानांनी सवडीप्रमाणे द्यावे किंवा देऊ नये! शाखांकडून वर्गणी गोळा करण्याचे काम ज्या चिटणिसांनी केले आहे त्यांना या काँग्रेसची अवस्था समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. सैनिकांचे पगार थकले, कर्ज फिटेना. अखेर १७८७ च्या मे महिन्यात फिलाडेल्फिया येथे परिषद भरली. बारा संस्थानांचे पंचावन्न प्रतिनिधी तिला निरनिराळ्या वेळी हजर राहिले आणि १७ सप्टेंबर रोजी एकोणचाळीस जणांनी नव्या राज्यघटनेवर सह्या केल्या.

या परिषदेतील मोठा तंटा लहान आणि मोठ्या संस्थानांचा होता. मोठ्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधी हवे होते, लहानांना सर्वांना सारखे. शेवटी एका सभागृहात लोकसंख्येच्या प्रमाणात आणि दुसऱ्यात प्रत्येक संस्थानाला दोन, अशी तडजोड झाली. ही नुसती देवघेव नव्हती. मनुष्य म्हणून प्रत्येकाची किंमत सारखी, हे एक तत्त्व. आणि समूह म्हणून लहानालाही अस्तित्वाचा हक्क, हे दुसरे तत्त्व. संघराज्य म्हणजे या दोन्ही तत्त्वांना एका छपराखाली नांदविण्याचा प्रयत्न होय.

परंतु तत्त्वतः याहून मोठी गोष्ट निराळीच घडली. तोपर्यंत असे मानीत की सार्वभौमत्व अविभाज्य आहे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. अमेरिकनांनी उत्तर दिले की सार्वभौमत्व ना मध्यवर्ती सरकारचे, ना संस्थानांचे. ते लोकांचे आहे. लोक आपल्या अधिकारापैकी काही एका विश्वस्ताकडे आणि काही दुसऱ्याकडे सोपवू शकतात. दोन्ही सरकारे नागरिकाशी प्रत्यक्ष संबंध ठेवतील आणि दोन्ही आपापल्या क्षेत्रात त्यालाच जबाबदार राहतील. येथे लोकशाही आणि संघराज्य यांची मुळे एक होतात. धनी एकच आहे म्हणूनच कारभारी दोन नेमता येतात.

या घटनेच्या समर्थनार्थ हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे या तिघांनी १७८७-८८ मध्ये टोपणनावाने पंच्याऐंशी लेख लिहिले. त्यांपैकी दहाव्या लेखात मॅडिसनने गटबाजीची मीमांसा केली आहे. समान भावनेने किंवा हितसंबंधाने एकत्र आलेले आणि इतरांच्या हक्कांच्या अथवा सर्वांच्या कायम हिताच्या आड येणारे नागरिक, त्यांना तो गट म्हणतो. असे गट नष्ट करावयाचे तर स्वातंत्र्यच नष्ट करावे लागेल. ते औषध रोगापेक्षा भयंकर. म्हणून त्याने तोडगा सुचविला की राज्य विस्तीर्ण असावे. लहान क्षेत्रात एका गटाचे बहुमत सहज होते आणि तो इतरांना पिडू शकतो. विस्तीर्ण राज्यात गट इतके असतात की कोणालाच एकट्याला वरचढ होता येत नाही. एक्कावन्नाव्या लेखात याच विचाराची दुसरी बाजू आहे. माणसे देवदूत नाहीत, म्हणून सरकार लागते. आणि राज्यकर्तेही देवदूत नाहीत, म्हणून सत्तेवर सत्तेचाच अंकुश ठेवावा लागतो.

येथवर मी संघराज्याची उजळ बाजू सांगितली. दुसरी बाजू लपवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या फिलाडेल्फियात ही तत्त्वे उच्चारली गेली तेथेच गुलामांची मोजदाद पाचास तीन या प्रमाणात करण्याचा करार झाला. मताचा अधिकार त्यांना नाही, पण त्यांच्या संख्येचा लाभ त्यांच्या धन्यांच्या संस्थानांना! पुढे दक्षिणेकडील संस्थानांनी गुलामगिरीच्या रक्षणासाठी स्वायत्ततेची ढाल पुढे केली आणि १८६१ ते १८६५ या काळात भयंकर यादवी युद्ध झाले. गुलामगिरी गेली, तरी वर्णभेद राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. त्यानंतर १९५७ साली आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत प्रवेश मिळावा म्हणून राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना सैन्य पाठवावे लागले. जवळची सत्ता ही नेहमी दयाळू सत्ता असते, असे नाही.

स्वित्झर्लंडचे उदाहरण तर आपल्याला अधिक विचार करावयास लावणारे आहे. निरनिराळ्या भाषांचे आणि पंथांचे लोक १८४८ च्या राज्यघटनेपासून तेथे शांततेने नांदत आहेत. घटनेत दुरुस्ती करावयाची तर एकंदर मतदारांचे बहुमत आणि कँटन नावाच्या घटक राज्यांचेही बहुमत, अशी दोन्ही लागतात. असे असूनही या आदर्श लोकशाहीत स्त्रियांना संघीय मताधिकार मिळाला तो १९७१ साली; भारताच्या घटनेने तो पहिल्याच दिवशी दिला होता. आप्पेन्झेल इन्नरऱ्होडेन या लहानशा कँटनमध्ये तर मैदानात जमून हात वर करून मत देणारी पुरुषांची सभा स्त्रियांना कँटनच्या कारभारात मत देण्याचे नाकारीत राहिली. शेवटी १९९० साली संघीय न्यायालयाला निर्णय द्यावा लागला. सभा लोकशाही पद्धतीची, परंपरा जुनी, मतदान उघड आणि तरीही निर्णय अन्यायाचा! याचे कारण एवढेच की ज्यांच्याविषयी निर्णय घ्यावयाचा त्यांना सभेत जागाच नव्हती.

आता आपल्या देशाकडे येऊ. लोकशाहीवाचून संघराज्य कसे असते याचा नमुना १९३५ च्या कायद्याने आपल्यासमोर ठेवला होता. त्या योजनेप्रमाणे संघाच्या कनिष्ठ सभागृहात ३७५ जागा होत्या आणि त्यांपैकी १२५ जागी संस्थानिकांनी नेमलेले सभासद बसावयाचे होते. २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्यात दिलेल्या व्याख्यानात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या योजनेची चिकित्सा करून असे संघराज्य स्वातंत्र्याला मारक कसे ठरेल, हे दाखवून दिले. संस्थानिक संघात सामील झाले नाहीत आणि योजनेचा तो भाग कधीच अंमलात आला नाही.

स्वतंत्र भारताच्या घटनेने हे दोष टाळले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. भारताचा संघ हा घटक राज्यांमधील करारातून निर्माण झालेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला फुटून जाता येणार नाही, ही पहिली गोष्ट. मसुद्याने खेड्याला नव्हे तर व्यक्तीला राज्याचा मूळ घटक मानले आहे, ही दुसरी. खेड्याविषयीची त्यांची कठोर भाषा अनेकांना आवडली नाही. परंतु मॅडिसनचा विचार आठवला म्हणजे त्यातील मर्म कळते. संपूर्ण भारतात कोणत्याही एका जातीचे बहुमत नाही. एखाद्या गावात मात्र ते सहज असू शकते. त्या गावात जो संख्येने थोडा, जमिनीवाचून आणि गावकुसाबाहेर राहणारा, त्याला संरक्षण दूरच्या सत्तेकडूनच मिळण्याचा संभव.

तथापि दूरच्या सत्तेला जवळचे दुःख दिसत नाही, हेही तितकेच खरे आहे. म्हणून घटनेने अधिकारांच्या तीन सूची केल्या, उर्वरित अधिकार अमेरिकेच्या उलट केंद्राकडे ठेवले आणि पैशाच्या वाटपासाठी वित्त आयोगाची योजना केली. पुढे लोकांच्या आग्रहाने १९५६ मध्ये राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली आणि मोठ्या लढ्यानंतर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. भाषावार राज्ये झाली तर देश फुटेल, ही भीती खरी ठरली नाही. आपल्या भाषेत कारभार चालू लागला की सामान्य मनुष्याला सरकार आपले वाटते, हा त्यातील धडा आहे.

यानंतरही घटना वाढतच राहिली. राज्यांची सरकारे बरखास्त करण्याच्या केंद्राच्या अधिकाराला न्यायालयीन तपासणीची मर्यादा आहे आणि संघराज्य हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने बोम्मई खटल्यात १९९४ साली सांगितले. वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये सुरू झाला, त्याची परिषदही पाहण्यासारखी आहे. तेथे केंद्राच्या मताचे वजन एकतृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोनतृतीयांश, आणि निर्णयाला तीनचतुर्थांश मते आवश्यक. म्हणजे केंद्र एकटे काही करू शकत नाही आणि केंद्राला वगळून राज्येही काही करू शकत नाहीत. एकमेकांचे मन वळविणे भागच पडते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट गावपातळीवर घडली. महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा स्थापण्याचे ठरून १९६२ मध्ये त्या कामास लागल्या. १९९३ मध्ये अंमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेतच स्थान दिले. ते देताना अनुसूचित जाती-जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्त्रियांचा वाटा निम्मा केला. गावाला सत्ता दिली पाहिजे आणि गावातील दुर्बळाला गावापासून संरक्षणही दिले पाहिजे, या दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या मागण्यांचा हा मेळ होय. तो कागदावर आहे तितका प्रत्यक्षात उतरला आहे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु दिशा बरोबर आहे.

बंधुभगिनींनो, आता आपल्याविषयी. या सर्व विवेचनाच्या उजेडात आपले मंडळ म्हणजे काय? आल्थुसियुसला अभिप्रेत असलेला मध्यस्थ संघ, की मॅडिसनने वर्णन केलेला गट? याचे उत्तर आपल्या नावात नाही, आपल्या आचरणात आहे. विद्यार्थ्याला फीसाठी मदत, परगावी शिकणाऱ्या मुलीसाठी वसतिगृहाची सोय, आजाऱ्याची विचारपूस, निराधार विधवेला हात, ही कामे सरकारच्या आधी आणि सरकारपेक्षा अधिक जिव्हाळ्याने अशा मंडळांनी केली आहेत. त्यात कोणाच्या हक्कावर आक्रमण नाही. परंतु निवडणूक आली की आपला मनुष्य म्हणून मत द्या, असा ठराव जेव्हा समाजाच्या सभेत होतो, तेव्हा मंडळ आपली मर्यादा ओलांडते. प्रजासत्ताकाने मत दिले आहे ते व्यक्तीला, ज्ञातीला नव्हे. ते मत गठ्ठ्याने मोजून देण्याचा अधिकार कोणत्याही अध्यक्षाला किंवा कार्यकारिणीला नाही. विश्वस्ताने मिळकत विकावी, तसे ते आहे.

दुसरी गोष्ट बाहेर पडण्याच्या दाराची. स्वेच्छेचा संघ आणि जन्माचा संघ यांतील भेद मी मघाशी सांगितला. आपण ज्ञातीत जन्मलो यात कोणाचा दोष नाही, पण तिला स्वेच्छेच्या संघाचे रूप देणे आपल्या हाती आहे. ज्या घरातील मुलाने किंवा मुलीने ज्ञातीबाहेर विवाह केला त्यांचे नाव सभासदांच्या यादीतून कमी होते काय, त्यांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते काय, हे आपण पाहिले पाहिजे. वाळीत टाकण्याचा प्रश्न या राज्याला नवा नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला; धर्मसंप्रदायाच्या हक्काला बाध येतो म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ मध्ये बहुमताने रद्द केला. पुढे २०१६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा मंजूर केला आणि तो २०१७ पासून अंमलात आला. समूहाचा हक्क कोठे संपतो आणि व्यक्तीचा कोठे सुरू होतो, हा वाद न्यायालयात कसाही चालो; आपल्या मंडळात त्याचे उत्तर देण्यास आपल्याला कोणी अडविलेले नाही.

तिसरी गोष्ट सभेतील जागेची. आप्पेन्झेलच्या मैदानाची आठवण येथे उपयोगी पडेल. आपल्या कार्यकारिणीत स्त्रिया किती, तरुण किती, लहान शाखांचे सभासद किती आणि मोठ्या शहरांचे किती? हिशेब वेळेवर छापला जातो काय? शाखेने गोळा केलेल्या वर्गणीपैकी शाखेच्या कामासाठी किती राहते? जे आपण दिल्लीकडून आणि मुंबईकडून मागतो ते आपण आपल्या शाखांना दिले पाहिजे. लोकशाही ही सवय आहे, आणि ती लहान सभांतूनच लागते किंवा मोडते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत केलेल्या अखेरच्या मोठ्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी बजावले होते की राजकारणात समता आणि समाजजीवनात विषमता असे विसंगत जीवन आपण फार काळ जगू शकणार नाही; स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तिन्ही एकमेकांपासून तोडता येत नाहीत; आणि जातिभेद हे राष्ट्रभावनेला विघातक आहेत. ज्ञातीच्या व्यासपीठावरून या शब्दांचा उल्लेख करणे काहींना अवघड वाटेल. मला उलट वाटते. हे शब्द ज्यांनी ऐकावयास हवे ते आपणच आहोत. कायदा समता देऊ शकतो, न्यायालय स्वातंत्र्याचे रक्षण करू शकते; पण बंधुता निर्माण करणारे खाते कोणत्याही सरकारात नाही. ती शेजाऱ्याने शेजाऱ्याला द्यावयाची वस्तू आहे.

म्हणून माझी एवढीच नम्र विनंती आहे की येत्या वर्षी आपल्या शिष्यवृत्ती निधीतून काही शिष्यवृत्त्या ज्ञातीची अट न घालता गरजू विद्यार्थ्यांना द्याव्यात आणि आपल्या नियमावलीत ज्ञातीबाहेर विवाह केलेल्या कुटुंबांचे सभासदत्व स्पष्ट शब्दांत कायम ठेवावे. रक्कम लहान असेल, दुरुस्ती एका ओळीची असेल. परंतु आपण संघ आहोत, गट नव्हे, याची ती नोंद होईल. सर्वसाधारण सभेने यावर साधकबाधक चर्चा करून निर्णय घ्यावा. तो माझ्या मताविरुद्ध गेला तरी मी तो शिरोधार्य मानीन, आणि पुढील वर्षी हाच ठराव पुन्हा मांडीन. कारण लोकशाहीत अल्पमताचे कर्तव्य आणि हक्क दोन्ही तेच आहेत.